पोच मिळेपर्यंतचा अभ्यास : पदवीच्या वर्गाला नागरिकत्व आणि नेतृत्व कसं शिकवावं

बहुतेक महाविद्यालयांत नागरिकत्व म्हणजे २६ नोव्हेंबरला उद्देशिकेचं वाचन, २५ जानेवारीला मतदार दिनाची शपथ, आणि नेतृत्व म्हणजे पाहुण्या वक्त्याचं दोन तासांचं व्याख्यान. उद्देशिका वाचावीच. पण तीन वर्षं हे सगळं केलेल्या विद्यार्थ्याला विचारून पाहा, की कॉलेजच्या दारातला रस्ता नगरपरिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा? दहातले नऊ जण एकमेकांकडे बघतात. रस्ता कोणाचा हे ज्याला ठाऊक नाही, तो खड्ड्याबद्दल फक्त चिडू शकतो. पुढे काही करू शकत नाही.

म्हणून या मार्गदर्शनातली पद्धत एकच आहे. पाच जणांच्या गटाने एका सत्रात एक छोटा सार्वजनिक प्रश्न हाती घ्यायचा आणि संबंधित कार्यालयाच्या लेखी उत्तरापर्यंत न्यायचा. प्रश्न सुटलाच पाहिजे असं नाही. उत्तर मात्र लेखी आलं पाहिजे, किंवा ते का आलं नाही हे कागदोपत्री दाखवता आलं पाहिजे. ही वाट चालताना कायदा, बैठक, हिशेब, बोलणं, ऐकणं आणि थांबणं हे सगळं शिकवावं लागतं.

सत्र सुरू होण्याआधी

नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्रकार्याच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात. दोन क्रेडिटचा विषय घेतला तर १५ आठवड्यांत ६० तास, म्हणजे आठवड्याला चार तास होतात. त्यातला दीड तास वर्गात आणि अडीच तास बाहेर, अशी विभागणी चांगली बसते. एका शिक्षकाने ४० विद्यार्थी आणि आठ गट यापेक्षा जास्त घेऊ नयेत. प्रत्येक गटाची वही दर आठवड्याला वाचायची असते आणि एका वहीला पंधरा मिनिटं धरली तरी दोन तास जातात. ऐंशी जणांचा वर्ग माथी मारला तर दुसरा शिक्षक मागून घ्या. नाही मिळाला तर विषय पुढच्या वर्षी घ्या. वह्या न वाचता ही पद्धत चालत नाही.

सत्र शक्यतो पावसाळ्यातलं निवडा. महाराष्ट्रात ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा व्हावी लागते आणि प्रघाताने ती २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होते. जून-जुलैला सुरू झालेल्या सत्राला त्यातल्या दोन सापडतात. शिवाय ग्रामपंचायत विकास आराखड्याची पुढच्या वर्षाची तयारी २ ऑक्टोबरपासून सुरू होते. शहरातही महापालिकेचं अंदाजपत्रक थंडीत तयार होतं, त्यामुळे कामं सुचवायची ती पावसाळ्यातच. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातल्या छोट्या कामांच्या सूचना मागवल्या जातात. जानेवारी ते एप्रिलच्या सत्रात मार्चअखेर आडवी येते, बिलांच्या धावपळीत विद्यार्थ्यांना कोणी विचारत नाही. निवडणूक आली तर आचारसंहिता लागते. त्या काळात नवी कामं जाहीर होत नाहीत, पण तक्रार देता येते आणि माहितीही मागता येते. हे विद्यार्थ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘आचारसंहिता आहे’ हे एक वाक्य ऐकून ते परत येतात.

प्राचार्यांकडून लेखी परवानगी, विद्यार्थ्यांची संमतीपत्रं आणि प्रत्येक फेरीची नोंदवही या तीन गोष्टी पहिल्या आठवड्यात पूर्ण करा. बाहेरचं काम नेहमी तिघांनी मिळून करायचं. ज्यांना शेवटची एसटी गाठायची असते त्यांची नावं आधी विचारून घ्या आणि संध्याकाळच्या कामात त्यांना घालू नका. संध्याकाळी नोकरी करणारी मुलं असतातच, त्यांना सकाळची कार्यालयीन फेरी द्या.

पहिले दोन तास

पहिल्या तासाला व्याख्यान देऊ नका. वर्गाला कॉलेजच्या फाटकाबाहेर न्या आणि रस्त्याच्या कडेला दिसणाऱ्या दहा गोष्टी लिहायला सांगा : रस्ता, गटार, विजेचा खांब, त्यावरचा दिवा, झाड, बसथांबा, चहाची टपरी, गतिरोधक, जाहिरातीचा फलक, कचराकुंडी. प्रत्येकीपुढे मालक कोण आणि बिघडली तर कोणाला सांगायचं, हे दोन रकाने. वर्गात आल्यावर हे रकाने भरायला एक आठवडा द्या.

परत येतात तेव्हा मुलांच्या लक्षात येतं की खांब महावितरणचा असतो आणि त्यावरच्या दिव्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची किंवा नगरपरिषदेची. राज्य महामार्ग बांधकाम विभागाकडे असतो, गावात शिरणारा ग्रामीण रस्ता जिल्हा परिषदेकडे आणि गल्ली ग्रामपंचायतीकडे. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनेत जागा मिळाली, हे वाक्य या तक्त्यानंतर सांगितलं तर डोक्यात राहतं. आधी सांगितलं तर परीक्षेपुरतं राहतं.

दुसऱ्या तासाला प्रत्येकाने आपल्या मोबाइलवर मतदार यादीत नाव शोधायचं. नसेल तर नमुना ६, म्हणजे नवीन नाव नोंदवण्याचा अर्ज. पूर्वी १ जानेवारीला १८ पूर्ण असावे लागत. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत आणि १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. वसतिगृहातल्या मुलांचा नेहमीचा प्रश्न असतो, नाव गावी ठेवू की इथे घेऊ? दोन्हींपैकी एक ठिकाण निवडता येतं. वसतिगृहाचा पत्ता द्यायचा तर संस्थाप्रमुखाचं प्रमाणपत्र लागतं. दोन्हीकडे नाव ठेवणं गुन्हा आहे, हे स्पष्ट सांगा.

प्रश्न निवडणं

सगळ्यात जास्त गट इथेच फसतात. मुलं ‘बेरोजगारी’, ‘प्रदूषण’, ‘व्यसनमुक्ती’ असे विषय आणतात. मनापासून आणतात, म्हणून त्यांना नाउमेद करू नका, पण प्रश्न बारीक करायला लावा. प्रदूषण, मग नदीचं प्रदूषण, मग आपल्या वॉर्डातलं कोणतं गटार नदीत कुठे मिळतं, मग त्या ठिकाणी जाळी का नाही. इथे थांबा.

निवडलेल्या प्रश्नाला चार गोष्टी असायला हव्यात. एक, तो सोडवण्याचा अधिकार ज्या पदाकडे आहे त्या पदाचं नाव सांगता आलं पाहिजे. दोन, तो मोजता आला पाहिजे. तीन, कॉलेजपासून किंवा गटातल्या कोणाच्या तरी घरापासून तो चालत जाण्याच्या अंतरावर असावा. चार, त्याचा त्रास असणारी किमान दहा माणसं गटाला भेटली पाहिजेत आणि त्यांनाही तो त्रास वाटला पाहिजे. ही चौथी अट अनेकदा विसरली जाते. मुलांना टपऱ्या अडचणीच्या वाटतात, टपरीवाल्याला विचारलं तर त्याचा प्रश्न वेगळाच निघतो.

वाळूउपसा, बेकायदा दारू, अनधिकृत बांधकाम, एखाद्या ठेकेदाराशी थेट वाद होईल असं काहीही घेऊ नका. प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण एकोणीस वर्षांच्या मुलांना त्यात ढकलण्याचा अधिकार शिक्षकाला नाही.

श्रमदानाबद्दलही इथेच बोलून घ्या. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे, वर्षाला १२० तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर यांतून पिढ्या घडल्या आहेत. पण मुलांनी घाट झाडून काढला आणि घंटागाडी घाटावर का येत नाही हे विचारलंच नाही, तर पुढच्या रविवारी घाट पुन्हा तसाच असतो. झाडू घ्या, आणि त्याच दिवशी घंटागाडीचं वेळापत्रकही मागा.

मोजणी

समजा, गटाने बसथांब्यापासून मुलींच्या वसतिगृहापर्यंतचे रस्त्यावरचे दिवे घेतले. पत्र लिहिण्याआधी मोजणी. शंभर पानी वही, आडव्या रेघा मारून सात रकाने : खांबावर रंगवलेला क्रमांक, तारीख, वेळ, दिवा चालू की बंद की मिचकणारा, मागच्या खांबापासून पावलं, खांबाखाली काय आहे, नोंद कोणी केली. संध्याकाळी साडेसातला फेरी. एकाने क्रमांक मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने लिहायचा, तिसऱ्याने फोटो काढायचा. फोटोत खांबाचा क्रमांक दिसलाच पाहिजे, नाहीतर तो फोटो कोणत्याही गावचा असू शकतो.

ही फेरी वेगवेगळ्या तीन रात्री करायची. एका रात्री वीज गेलेली असू शकते आणि मग कार्यालय सगळी वही एका वाक्यात बाजूला सारतं. तीनही रात्री बंद असलेला दिवाच ‘बंद’ धरायचा. खांबाला क्रमांक नसेल तर जवळच्या घराची किंवा दुकानाची खूण लिहायची, स्वतः खडूने क्रमांक टाकायचा नाही.

वहीत एक गोष्ट कटाक्षाने पाहा : माणसांची नोंद करताना आधार क्रमांक, जात, फोन नंबर घेऊ नका. ‘भाजीवाली, रोज सात ते नऊ’ एवढं पुरतं.

चिंचोके आणि ठराव

नेतृत्व शिकवायचं तर बैठक शिकवावी लागते. गटाची आठवड्याची बैठक ४० मिनिटांची आणि तीत चार कामं : अध्यक्ष, इतिवृत्त लिहिणारा, घड्याळ पाहणारा आणि विरोधी बाजू मांडणारा. पाचवा सदस्य म्हणून बसतो. दर आठवड्याला कामं फिरतात आणि ती यादी शिक्षकाने पहिल्याच दिवशी लावून टाकायची. मुलांवर सोडलं तर काय होतं ते कोणत्याही वर्गात दिसतं : अक्षर चांगलं म्हणून इतिवृत्त मुलीकडे जातं आणि तिच्याकडेच राहतं, साहेबांशी बोलायला शहरातला मुलगा पुढे होतो आणि तोच कायम बोलतो. गट चिठ्ठ्या टाकून करा, मित्रांचे गट होऊ देऊ नका.

बोलणं सगळ्यांत वाटलं जावं म्हणून प्रत्येकापुढे तीन चिंचोके ठेवा. बोललं की एक चिंचोका मध्ये टाकायचा. सगळ्यांचा पहिला चिंचोका पडल्याशिवाय कोणी दुसरा टाकायचा नाही. तिन्ही संपले की ऐकायचं. पहिल्या बैठकीत अवघडलेली शांतता पडते आणि शिक्षकाला ती मोडण्याचा मोह होतो. मोडू नका, तिसऱ्या आठवड्यापर्यंत गप्प राहणारी मुलं आपला चिंचोका राखून नेमक्या वेळी टाकायला लागतात.

शेवटी ठराव. सूचक, अनुमोदक आणि मजकुरात चार गोष्टी : काय करायचं, कोणी, कधीपर्यंत, खर्च किती. ‘दिव्यांबाबत पाठपुरावा करावा’ हा ठराव नव्हे. ‘अमुक दोघांनी बुधवार सकाळी ११ पर्यंत नगरपरिषदेच्या आवक कक्षात पत्र देऊन पोच आणावी, झेरॉक्सचा खर्च १२ रुपये’ हा ठराव.

अभ्यास आणि निर्णय वेगळे ठेवायला शिकवायचं असेल तर गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचा दाखला वर्गात जरूर घ्या. तिथे अभ्यासगट विषय समजून घेतो, बाहेरच्या जाणकारांना विचारतो, पण निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभा घेते आणि तोही सर्वसहमतीने. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा मुलांना आवडते. त्यामागे किती बैठका असतात, हे चिंचोक्यांच्या चौथ्या आठवड्यात त्यांना थोडं कळायला लागतं. गटालाही बैठकीचे दोन भाग करायला लावा, पहिली २५ मिनिटं फक्त माहिती, उरलेली १५ निर्णय.

महाडचा तास

चौथ्या किंवा पाचव्या आठवड्यात, मुलं पहिल्यांदा कार्यालयातून हात हलवत परत आल्यावर, हा दोन तासांचा वर्ग घ्या. नेतृत्वावर आम्हाला ठाऊक असलेला हा सगळ्यात कसदार धडा आहे आणि तो महाराष्ट्राच्या मातीतला आहे.

पाच कागद तयार करा. एका वेळी एकच वाटायचा आणि प्रत्येकानंतर १२ मिनिटं थांबायचं. प्रश्न दर वेळी तोच : ‘तुम्ही तिथे आहात. आता काय कराल?’ उत्तर आधी एकट्याने लिहायचं, मग गटात बोलायचं.

पहिला कागद : ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सी. के. म्हणजे सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. महाडच्या चवदार तळ्यावर मात्र अस्पृश्यांना जाता येत नाही. दुसरा : २० मार्च १९२७, डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या परिषदेला आलेल्या लोकांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी पितात. त्यानंतर मंदिरात शिरणार अशी अफवा उठते आणि परिषदेच्या लोकांवर हल्ला होतो. तिसरा : तळ्याचं ‘शुद्धीकरण’ होतं आणि ऑगस्टमध्ये नगरपालिका आपला १९२४ चा ठराव मागे घेते. चौथा : डिसेंबर १९२७, दुसऱ्या परिषदेसाठी लोक सत्याग्रहाच्या तयारीने जमले आहेत, आणि तळं खासगी मालकीचं असल्याचा दावा लावून विरोधकांनी न्यायालयाचा मनाई हुकूम आणला आहे. पाचवा कागद शेवटपर्यंत हातात ठेवा.

चौथ्या कागदावर वर्ग दुभंगतो. निम्मे म्हणतात तळ्यावर जायचंच, निम्मे म्हणतात हुकूम पाळायचा. घाई करू नका, इथे वीस मिनिटं गेली तरी चालतील. मग सांगा : बाबासाहेबांनी जमलेल्या लोकांची समजूत घालून सत्याग्रह स्थगित ठेवला आणि लढाई न्यायालयात नेली. मार्चच्या हल्ल्यानंतरही त्यांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नव्हता. आता पाचवा कागद : मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने लागला. पहिल्या ठरावापासून साडेतेरा वर्षं.

ठराव झाला म्हणजे हक्क मिळाला असं नव्हे, हक्क वापरावा लागतो, आणि पुढारी माणूस कधी पुढे जायचं तसं कधी थांबायचं हेही ठरवतो. हे सगळं मुलंच बोलतात, फळ्यावर लिहायची गरज पडत नाही. दोन गोष्टी मात्र शिक्षकाने पाळायच्या. या प्रसंगाचं नाटक करून घ्यायचं नाही, कोणालाही ‘तू अमुक जातीचा हो’ म्हणायचं नाही. आणि वर्गातल्या कोणत्याही विद्यार्थ्याला ‘तुझा अनुभव सांग’ म्हणून उभं करायचं नाही. स्वतःहून बोलला तर शांतपणे ऐकायचं.

पत्र

पत्र एका पानाचं. ‘मा. मुख्याधिकारी, अमुक नगरपरिषद’, विषय, मग तीन परिच्छेद : काय मोजलं, कोणाला त्रास होतो, नेमकी मागणी काय. मोजणीचा तक्ता सोबत जोडायचा. पत्र नागरिक म्हणून पाच जणांच्या सहीने जावं. कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीने गेलं की उत्तर प्राचार्यांना येतं आणि मुलं प्रेक्षक होतात. प्रत एकाच वरिष्ठाला द्यावी. पालकमंत्री, जिल्हाधिकारी, खासदार अशा सात जणांना प्रती पाठवल्या की प्रत्येक कार्यालय ते दुसऱ्याचं काम समजतं.

दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. ‘ठेवून जा, साहेब आले की देतो’ असं उत्तर मिळालं तर नम्रपणे म्हणायचं, ‘आवकला नोंद करून पोच द्या, आम्ही थांबतो.’ हे वाक्य वर्गात जोडीजोडीने पाच वेळा म्हणून घ्या. आवाज चढू न देता थांबून राहणं मुलांना जमत नाही, त्याचा सराव लागतो. पोच नसलेलं पत्र पाठपुराव्याला काहीच कामाचं नाही.

लोकशाही दिनाचा, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोर ऐकतात त्या दिवसाचा, मोह होतो. जिल्हास्तरावर तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण तिथे वैयक्तिक स्वरूपाच्या तक्रारी घेतात. गटाने सार्वजनिक प्रश्नाचं निवेदन नेलं की ते परत येतं.

माहितीचा अधिकार

हे हत्यार बाकीचे मार्ग वापरून झाल्यावरच काढायचं, आणि नीट. आधी कार्यालयात तोंडी विचारा, संकेतस्थळ बघा, कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कार्यालयाने आपणहून काय जाहीर केलंय ते तपासा. गावांसाठी ई-ग्रामस्वराज पोर्टलवर विकास आराखडा आणि खर्च दिसतो. जिल्हास्तरीय कार्यालयं आणि महापालिकांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात, तशी तरतूद २०१८ च्या शासन निर्णयात आहे. तिथे एकदा फाइल उलगडून पाहिलेली मुलं अर्ज कितीतरी चांगला लिहितात.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ, प्रतींना पानामागे २ रुपये. अर्ज व्यक्तीच्या नावाने, ‘गट क्रमांक ३’ किंवा कॉलेजच्या नावाने नको. माहिती कशासाठी हवी हे सांगावं लागत नाही, म्हणून ‘आम्ही विद्यार्थी असून प्रकल्पासाठी’ वगैरे लिहू नका.

मुलांचा पहिला अर्ज हमखास असा येतो : ‘सदर रस्त्यावरील दिवे का बंद आहेत आणि जबाबदार अधिकाऱ्यावर काय कारवाई करणार?’ याला उत्तर मिळत नाही. कायद्याने माहिती म्हणजे कार्यालयाकडे नोंद स्वरूपात जे आहे ते. ‘का’ आणि ‘करणार का’ यांची नोंद नसते. हाच अर्ज असा लिहायला लावा : ‘अमुक ते अमुक ठिकाणच्या पथदिव्यांच्या देखभालीचा चालू वर्षाचा कार्यारंभ आदेश, करारातील दुरुस्तीच्या मुदतीचं पान आणि गेल्या तीन महिन्यांच्या तक्रार नोंदवहीची प्रत.’ रस्त्याचा प्रश्न असेल तर मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या वहीच्या) नोंदी आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत. करारात बंद दिवा किती तासांत दुरुस्त करायचा हे बहुधा लिहिलेलं असतं, आणि ते पान हाती आलं की पुढचं पत्र आपोआप लिहिता येतं.

वेळेचं गणित काटेकोर करा. उत्तराला ३० दिवस. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर तो योग्य ठिकाणी पाठवण्यात आणखी पाच दिवस. म्हणून अर्ज पाचव्या आठवड्यात गेला पाहिजे, तरच दहाव्यापर्यंत हालचाल दिसते. उत्तर नाही आलं तर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील, त्याचा निर्णय ३० आणि फार तर ४५ दिवसांत. तोवर सत्र संपतं. एका गटाचा एकच अर्ज असू द्या. वर्गातून एकाच कार्यालयात आठ अर्ज गेले की तिथला कारकून दिवसभर झेरॉक्स काढत बसतो आणि पुढच्या वर्षी तुमच्या विद्यार्थ्यांना दारातच अडवलं जातं.

ग्रामसभेला जाताना

गणपूर्तीसाठी, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तो आकडा लागतो. नाहीतर सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, पण नवा विषयही घेता येत नाही. त्यामुळे विषय मूळ सभेच्या विषयपत्रिकेवर आधीच यायला हवा, आणि त्यासाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज सूचना निघण्यापूर्वी द्यायला हवा. ऐन वेळी उभं राहून बोलणारी मुलं ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात गडप होतात. बोलण्याचा हक्क गावच्या मतदारांचा. म्हणून गटात त्या गावचे निदान दोन मतदार असावेत, बाकीच्यांनी सरपंचांना विचारून मागे बसावं आणि टिपणं घ्यावीत. महिलांची सभा त्याआधी होते. गटातल्या मुलींना तिथे जरूर पाठवा, पाण्याचे आणि दिव्यांचे प्रश्न तिथे जास्त मोकळेपणी निघतात.

राजकारण आलं तर

येणारच. पत्र गेलं की नगरसेवकाचा फोन येतो, फोटो काढून प्रसिद्धी करण्याची तयारी दिसते. त्याला शत्रू समजू नका, लोकप्रतिनिधीला प्रश्न सांगणं हे नागरिकाचंच काम आहे. नियम एवढाच : सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींना तेच कागद, त्याच दिवशी. गटाने कोणाच्याही फलकाखाली फोटो काढायचा नाही. एखादी विद्यार्थिनी एखाद्या संघटनेची कार्यकर्ती असेल तर तो तिचा हक्क आहे, गटाच्या वहीत मात्र फक्त मोजणी.

महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका थांबल्या आणि २०१६ च्या कायद्याने त्या पुन्हा कागदावर आल्या. मतदानाचं वय १९८९ पासून १८ आहे, तरी आमदार निवडणाऱ्या मुलांना वर्गप्रतिनिधी निवडण्याचा अनुभव नसतो. तुमच्या वर्गापुरती निवडणूक तरी नीट घ्या : उमेदवारी अर्ज, माघार, पाच मिनिटांचं भाषण, गुप्त मतदान, सगळ्यांसमोर मोजणी. सगळं मिळून एक तास लागतो.

आणि शिक्षकाने एक मोह टाळायचा. मुख्याधिकारी तुमचे वर्गमित्र असतील, एका फोनवर दिवे लागतीलही. फोन करू नका. दिवे लागतील, पण ओळख असल्याशिवाय काम होत नाही हाच धडा त्या पाच जणांच्या मनात पक्का बसेल.

गुण

५० गुणांपैकी १५ वहीला, १० कागदपत्रांच्या फाइलला, १० बैठकीतल्या कामांना (चारही कामं केली का, इतिवृत्त वाचून कळतं का), १० तोंडी परीक्षेला आणि ५ गटातल्या सहकाऱ्यांनी एकमेकांना दिलेले. प्रश्न सुटला म्हणून एकही गुण नाही. तो ठेवला की मुलं सोपा प्रश्न निवडतात किंवा ओळखी शोधतात. तोंडी परीक्षेला प्रत्येकाला सहा मिनिटं : फाइल कुठेही उघडायची आणि विचारायचं, ‘हा कागद का आहे, आणि याच्या आधी काय घडलं?’ नुसतं नाव असलेला सदस्य दुसऱ्या मिनिटाला ओळखू येतो. त्याला नापास करण्याऐवजी उरलेल्या सुट्टीत पाठपुराव्याची एक फेरी त्याच्याकडे द्या.

फाइल पुढे देणं

सत्र संपतं, प्रश्न संपत नाही. म्हणून प्रत्येक गटाची फाइल ग्रंथालयात नोंद करून ठेवायची : वरती अनुक्रमणिका, मग मोजणीचे तक्ते, पोच असलेली पत्रं, आलेली उत्तरं, इतिवृत्तं आणि शेवटी एका पानावर ‘पुढच्या गटाने काय करावं’. नव्या वर्षी पहिल्या आठवड्यात नवे गट या फाइली वाचतात आणि जुनी घ्यायची की नवी सुरू करायची ते ठरवतात. पहिल्या पानावर लाल शाईने दोन तारखा लिहून ठेवा, प्रथम अपिलाचा निर्णय कधी आला किंवा यायला हवा होता ती, आणि तिथून ९० दिवसांनी येणारी द्वितीय अपिलाची शेवटची. पावसाळी सत्रातला अर्ज असेल तर ही तारीख सत्र संपल्यानंतर, बहुधा जानेवारी ते मार्चच्या दरम्यान पडते. अर्ज ज्याच्या नावाने आहे त्या विद्यार्थ्याला ती आठवण करून द्यायचं काम कोणाचं, त्याचं नाव त्याच पानावर असू द्या.